केवडा: एका पिवळ्या पानाची चार निदाने

नाशिक जिल्ह्याच्या शेतीभाषेत एक शब्द असा आहे, की तो ऐकून अनुभवी माणसालाही पुढचा प्रश्न विचारावा लागतो. तो शब्द म्हणजे केवडा. बाजरीवर केवडा पडतो, द्राक्षावर पडतो, उसावर पडतो आणि मूग, उडीद, सोयाबीन यांवरही पडतो. शब्द एकच. परंतु बाजरीचा व द्राक्षाचा केवडा बुरशीचा, उसाचा केवडा लोहाच्या कमतरतेचा आणि मूग-उडदाचा केवडा बहुधा विषाणूचा.

केवड्याच्या कणसाचा फिकट पिवळट रंग डोळ्यांसमोर आणला, की हे नाव का पडले ते कळते. हिरव्या पानाने तो रंग धरला, की झाला केवडा. नाव देणाऱ्याने जे पाहिले ते अचूक पाहिले. कारणाविषयी त्याने काही म्हटले नाही, कारण ते शोधण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. रंग पाहण्यापासून कारण जाणण्यापर्यंतची ही वाट माणसाने कशी काटली आणि त्या वाटेवर घेवडा, वाटाणा, सोयाबीन यांसारख्या शेंगावर्गीय पिकांनी साक्षीदाराचे काम कसे केले, हा या धाग्याचा विषय आहे.

मराठीतील पीकरोगांची नावे एकत्र मांडून पाहावीत. तांबेरा, भुरी, हळद्या, करपा, केवडा. जवळजवळ प्रत्येक नाव हे रंगाचे किंवा रूपाचे वर्णन आहे. तांब्याचा रंग, राखेचा रंग, हळदीचा रंग, आगीने करपल्याची खूण. यांपैकी काही नावे भाग्यवान ठरली. तांबेरा म्हटले की गव्हावर असो वा घेवड्यावर, कारण एकाच गटातल्या बुरशांचे निघते. करपा मात्र फसवतो. बुरशीनेही पान करपते आणि पालाश कमी पडले तरी जुन्या पानांच्या कडा तशाच तपकिरी होऊन वाळतात. केवडा तर याहून अधिक फसवा.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. द्राक्षाच्या केवड्यावर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण चालते. उसाच्या केवड्यावर हिराकस लागते. एक तांब्याचे औषध, दुसरे लोखंडाचे. मुगाच्या केवड्यावर या दोहोंपैकी कशाचाच उपयोग नाही, तिथे रोगट झाड उपटणे आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करणे एवढेच हाती उरते. पान पिवळे दिसले, की सर्वांत आधी आठवतो तो युरिया. आणि पुष्कळदा नेमका तोच निरुपयोगी असतो. चुकीच्या निदानाची किंमत एका हंगामाची असते. पिवळेपणाचे कारण कळेपर्यंत शेंगा भरण्याचे दिवस निघून गेलेले असतात.

पहिला धागा हाती लागला तो फ्रान्समध्ये. १८४३-४४ च्या सुमारास यूझेब ग्री या संशोधकाने पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाच्या क्षारांचे द्रावण दिले. मुळांना दिले तरी आणि पानांवर लावले तरी हिरवेपणा परत येऊ लागला. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी ती चमत्कारिक होती, कारण वनस्पती खनिजांवर जगते हेच नुकते मान्य होऊ लागले होते. जर्मनीत कार्ल श्प्रेंगेल आणि त्यानंतर १८४० च्या आपल्या ग्रंथातून युस्टुस फॉन लिबिग यांनी तो विचार रुजवला होता. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, तेच पिकाची मर्यादा ठरवते, हा त्यांचा सिद्धान्त. परंतु कोणते द्रव्य कमी आहे हे पानावरून ओळखायचे कसे, याचे उत्तर लिबिग यांच्या सिद्धान्तात नव्हते.

उत्तर सापडले ते मातीला बाजूला सारल्यावर. १८६० च्या सुमारास युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोपे मातीत न लावता पाण्याच्या बरणीत वाढवली. पाण्यात ठरावीक क्षार ठरावीक मात्रेत. मग दहा बरण्या मांडाव्यात, प्रत्येकीतून एकेक द्रव्य वगळावे आणि काय होते ते पाहावे. लोह वगळलेल्या बरणीतील रोपांची नवी पाने फिकट, अखेरीस पांढरीफटक निघत. लोह दिले, की ती हिरवी होत. माती हे इतक्या गोष्टींचे मिश्रण आहे की, तिच्यात कारण शोधणे म्हणजे जत्रेत हरवलेले मूल शोधणे. बरणीत मात्र गर्दीच नव्हती. पान म्हणजे एखादी लिपी मानली, तर तिची पहिली अक्षरे या बरण्यांत उलगडली.

शेंगावर्गीय पिकांनी मात्र या सरळ पद्धतीला एक विलक्षण पेच घातला. बरणीतून किंवा वाळूच्या कुंडीतून नत्र वगळले, तर जवासारखे पीक नेमाने पिवळे पडे. वाटाण्याचा नेम नव्हता. काही कुंड्यांतील वाटाणा उपासमारीने खुरटे, तर शेजारच्याच कुंडीतील वाटाणा काही दिवस पिवळा राहून मग एकाएकी गर्द हिरवा होई, जणू त्याला गुपचूप कोणी खत घातले असावे. हेर्मान हेलरीगेल आणि हेर्मान विल्फार्ट यांनी या विसंगतीचा पाठपुरावा केला. त्यांनी वाळू तापवून निर्जंतुक केली; वाटाणा उपाशीच राहिला. त्याच वाळूत शेतातल्या मातीचे थोडे पाणी टाकले. वाटाणा हिरवा झाला आणि मुळांवर गाठी दिसल्या. १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत हेलरीगेल यांनी हे जाहीर केले. मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र झाडाला देतात. दोन वर्षांनी नेदरलंड्समध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी ते जिवाणू वेगळे काढून वाढवले.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला या निष्कर्षाचा अर्धा भाग आधीपासून ठाऊक होता. त्याला तो बेवड म्हणतो. हरभऱ्याचा बेवड चांगला, त्यावर पुढचे पीक जोमात येते, हे सांगायला बर्लिनच्या सभेची गरज नव्हती. मात्र बेवडाच्या ज्ञानात एक गोष्ट नव्हती: गाठी निकामी असतील, तर कडधान्यही नत्रासाठी उपाशी राहते. ती तपासणी आज कोणीही करू शकतो. रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला, तर गाठ कामावर आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली, तर ती कामावर नाही. तो गुलाबी रंग आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या नात्यातील एका द्रव्याचा असतो आणि त्या द्रव्याला लोह लागते. ही बाब पुढे नाशिकच्या संदर्भात पुन्हा येईल.

झाक्स-क्नोप यांच्या काळी वनस्पतीला आवश्यक मूलद्रव्ये दहा मानली जात. अत्यल्प प्रमाणात लागणारे त्यांत लोह तेवढे होते. पुढची साठ वर्षे यादी जवळपास तिथेच अडली, कारण प्रयोगाचे क्षारच अशुद्ध असत. एखादे द्रव्य वगळले असे संशोधक मानी. प्रत्यक्षात ते दुसऱ्या क्षारातून किंवा काचेतून कणभर येतच असे आणि वनस्पतीला तो कणच पुरत असे. रसायने शुद्ध मिळू लागली आणि यादी पुन्हा हलली. १९२२ मध्ये मँगेनीज, १९२३ मध्ये बोरॉन, १९२६ मध्ये जस्त.

यांपैकी बोरॉनची कथा आपल्या विषयाची, कारण ती घेवड्याच्या दूरच्या नात्यातील बाकल्याच्या शेंगेची आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड संशोधन केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन यांनी बाकल्याची रोपे बोरॉनविरहित द्रावणात वाढवली. रोपे आधी नीट वाढत, मग त्यांचा शेंडा काळवंडून मरे. पाने फारशी पिवळी होत नसत, वाढच संपे. द्रावणात बोरिक आम्लाचा लवलेश टाकला, की रोप फुलाशेंगांपर्यंत जाई. दुसरे कोणतेही द्रव्य बोरॉनची जागा घेऊ शकत नाही, हेही त्यांनी दाखवले. विज्ञानसंस्थांत स्त्रियांना बेताचीच जागा मिळत होती, अशा काळात हा शोध लागला. आजही आवश्यक मूलद्रव्यांच्या कोणत्याही कोष्टकात १९२३ या सालापुढे वॉरिंग्टन हेच नाव असते.

या साऱ्या बरण्यांतून हळूहळू एक किल्ली हाती आली. रंगापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा: पिवळेपणा कुठून सुरू झाला? नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात फिरती असतात. तुटवडा पडला, की झाड जुन्या पानांतून ती काढून कोवळ्या पानांकडे पाठवते. म्हणून खालची पाने आधी सुकतात. वडीलधाऱ्यांनी उपाशी राहून लेकरांना भरवावे, तसा हा व्यवहार आहे. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा पानात बसले, की तिथून सहसा हलत नाहीत. त्यांचा तुटवडा शेंड्याकडच्या नव्या पानांत आधी दिसतो.

ही किल्ली घेवड्याच्या किंवा सोयाबीनच्या शेतात अशी फिरते. खालचे पान शिरांसकट एकसारखे फिके पडले, तर नत्राची शंका घ्यावी आणि गाठी तपासाव्यात. खालच्या पानाच्या कडा पिवळ्या होऊन करपल्या, तर पालाश. खालच्याच पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. हेच हिरव्या शिरांचे जाळे शेंड्याच्या पानावर दिसले, तर लोह; आणि त्यात बारीक तपकिरी ठिपके आले, तर मँगेनीजचाही विचार करावा. पाने लहान, पेरी आखूड, झाड झुडपासारखे खुजे आणि शिरांमधला भाग पिवळट किंवा काशाच्या रंगाचा, तर जस्त. घेवडा जस्ताच्या बाबतीत फार नाजूक पीक आहे. स्फुरदाचा तुटवडा सर्वांत लबाड. त्यात पान पिवळे होण्याऐवजी अधिकच गडद, निळसर हिरवे दिसते आणि शेतकरी ते निरोगीपण समजतो; झाड मात्र वाढत नाही.

ही लिपी ग्रंथबद्ध झाली ती दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेत १९४१ मध्ये गोव्ह हॅम्बिज यांच्या संपादनाखाली ‘हंगर साइन्स इन क्रॉप्स’, म्हणजे पिकांतील भुकेच्या खुणा, हे पुस्तक निघाले. ब्रिटनमध्ये लाँग अॅश्टन केंद्राच्या टॉमस वॉलेस यांनी १९४३ मध्ये रंगीत छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. कागदाचीही टंचाई असलेल्या वर्षांत सरकारने रंगीत चित्रांचे पुस्तक छापावे, यातच त्या विषयाची निकड दिसते. जहाजे बुडत होती, कुरणे नांगरून धान्याखाली आणली जात होती आणि पीक फसले तर ते का फसले हे प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता बांधावरच सांगणारा माणूस हवा होता.

त्याच सुमारास भारतात चित्र वेगळे होते. १८८९ मध्ये आलेल्या जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांच्यापासून येथील कृषिरसायनाची चर्चा मुख्यतः शेणखत, नत्र आणि पाणी यांभोवती फिरत होती. व्होएल्कर यांनी १८९३ च्या अहवालात भारतीय शेतकऱ्याच्या कौशल्याची मोकळेपणाने दाद दिली, हे त्यांचे मोठेपण. सूक्ष्म अन्नद्रव्यांचा प्रश्न मात्र त्या काळी जगातच कोणी नीट मांडलेला नव्हता.

तो प्रश्न भारतात ठळकपणे पुढे आणणाऱ्यांत एका मराठी नावाचा वाटा मोठा आहे: यशवंत लक्ष्मण नेने. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून वनस्पतिरोगशास्त्रात डॉक्टरेट घेऊन ते १९६० मध्येच स्थापन झालेल्या पंतनगरच्या कृषी विद्यापीठात रुजू झाले. हिमालयाच्या पायथ्याची ती तराई. स्वातंत्र्यानंतर जंगल तोडून तिथे शेती वसवली गेली होती. फाळणीत घरदार गमावलेली कुटुंबे त्या जमिनीवर नव्याने उभी राहत होती. आणि त्या भातशेतांत एक रोग पसरत होता. पानांवर गंजासारखे तपकिरी डाग पडत आणि रोप खुरटून बसे. डागांचा रंग खैराच्या लाकडाचा, कातासारखा. म्हणून लोक त्याला खैरा म्हणत. पुन्हा तेच: एका झाडाच्या रंगावरून रोगाचे नाव, जसा आपला केवडा.

रोगशास्त्रज्ञाचे डोळे स्वभावतः जंतू शोधतात. बुरशी, जिवाणू, विषाणू, सूत्रकृमी यांपैकी कोणीतरी गुन्हेगार असणार, हे त्याचे गृहीत असते. नेने यांनी हे गृहीत सोडण्याची तयारी दाखवली. १९६६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की खैराला कोणताही जंतू जबाबदार नसून तो जस्ताच्या कमतरतेचा परिणाम आहे. उपाय स्वस्त निघाला. हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो विरी गेलेला चुना हजार लिटर पाण्यात मिसळून फवारणे. चुना कशासाठी? द्रावणाची आम्लता मारून पान भाजू नये म्हणून. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सूक्ष्म अन्नद्रव्यांची अखिल भारतीय समन्वित योजना सुरू केली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील माती तपासली जाऊ लागली.

येथे एक गमतीची गोष्ट. जंतू नाही असे सांगून नाव मिळवलेल्या याच माणसाने कडधान्यांच्या बाबतीत नेमके उलट काम केले. मुगावरील पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग टी. के. नरियानी यांनी १९६० मध्ये नोंदवला होता. नेने यांनी उत्तर प्रदेशातील कडधान्यांच्या विषाणुरोगांची पाहणी केली आणि १९७२ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. भाताच्या पानावर जंतू नाकारणारा आणि मुगाच्या पानावर विषाणू पाहणारा शास्त्रज्ञ एकच. फरक कसा करायचा? पान पाहावे आणि मग मान वर करून शेतही पाहावे. अन्नद्रव्याचा तुटवडा जमिनीच्या पट्ट्याप्रमाणे पसरतो. चुनखडीच्या टापूत सगळी झाडे सारखी पिवळी आणि पानाचे दोन्ही अर्ध एकसारखे. विषाणूचे झाड एकटे, मधूनच कुठेतरी उभे असते. शेजारचे झाड हिरवेगार. त्याच्या पानावर पिवळे-हिरवे चट्टे वेडेवाकडे असतात, शिरांची मर्यादा पाळत नाहीत. आणि पान उलटून पाहिले तर पांढरी माशी सापडण्याचा संभव असतो.

१९७४ मध्ये नेने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत गेले. तिथे एम. पी. हवारे आणि एम. व्ही. रेड्डी यांच्यासह १९७८ मध्ये त्यांनी हरभऱ्यावर एक छोटी पुस्तिका काढली. तिचा विषय मर रोग नव्हता. ‘मर रोगासारखे दिसणारे विकार’ हा होता. ‘सारखे दिसणारे’ या दोन शब्दांसाठी ती पुस्तिका आठवणीत ठेवावी. शेतकरी ज्याला सरसकट मर म्हणतो, त्याखाली वेगवेगळ्या बुरशा आणि एक खुजेपणा आणणारा विषाणू लपलेले होते. मूळ उभे चिरून आत काळी रेघ आहे का, साल कुजली आहे का, हे पाहून एकेक वेगळा करण्याची रीत तिथे दिली होती.

निवृत्तीकडे झुकताना नेने प्राचीन ग्रंथांकडे वळले. १९९४ मध्ये त्यांनी एशियन अॅग्री-हिस्टरी फाउंडेशन स्थापन केले आणि १९९६ मध्ये सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’चा नलिनी साधले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद त्या संस्थेने प्रसिद्ध केला. सुमारे हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ. त्याचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात होते. सुरपाल झाडांचे आतले विकार वात, पित्त, कफ यांत विभागतो. पाने पिवळी पडणे व फळे अकाली गळणे ही तो पित्ताची लक्षणे मानतो. त्याच्या कितीतरी आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त झाडाच्या रोगलक्षणांत पांडुपत्रता हा शब्द वापरला आहे, कारणे दिली आहेत थंडी, वारा आणि ऊन. फळे धरेनाशी झाली, तर कुळीथ, उडीद, मूग, तीळ व जव घालून उकळलेले दूध निववून घालावे, असेही तो सांगतो. यात आधुनिक रसायन शोधू नये. समाजमाध्यमांवर तसा शोध नित्य चालतो आणि तो इतिहासाशी प्रामाणिक नाही. परंतु निरीक्षण पक्के आहे. पान फिके पडणे ही झाडाची तक्रार आहे आणि तिला उत्तर पोषणाने द्यावे, एवढे त्या लोकांनी ओळखले होते.

आता पुन्हा नाशिककडे. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरने जिल्ह्यातील जमिनींची वर्गवारी केली तीही मुख्यतः रंगावरून: नदीकाठची काळी, वर चढत जावे तशी फिकट, तपकिरी, तांबूस. या सर्वांच्या तळाशी एकच खडक आहे, दख्खनचा बसाल्ट. या खडकात लोह भरपूर. शंभर किलो काळ्या मातीत कित्येक किलो लोह असते. आणि तरीही त्याच मातीत सोयाबीन, भुईमूग, ऊस आणि द्राक्षवेल लोहासाठी पिवळी पडतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही मराठीतील म्हण या मातीसाठीच घडली असावी असे वाटते.

कारण आहे चुना. कमी पावसाच्या पूर्व भागात काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सर्रास आढळतात. अशा जमिनीचा सामू आठच्या आसपास किंवा वर जातो आणि त्या सामूला लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसते. जस्ताचेही थोडेफार तसेच. पाणी अति झाले तर अडचण वाढते: वापसा मोडतो, मुळांना हवा मिळत नाही आणि चुनखडीच्या पाण्यात तयार होणारी द्रव्ये लोहाचा मार्ग आणखी अडवतात. संततधार पावसानंतर सोयाबीनचा शेंडा पिवळा पडतो आणि वापसा येताच बऱ्याचदा आपोआप हिरवा होतो, हे त्यामुळेच. त्या आठवड्यात ज्याने घाईने युरिया टाकला, तो हिरवेपणाचे श्रेय युरियाला देतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा टाकतो. चुकीची समजूत अशी स्वतःलाच पुरावा पुरवत राहते.

जिल्ह्याच्या पाण्याचाही येथे संबंध येतो. दारणा धरण १९१६ च्या सुमारास पुरे झाले आणि नांदूर मधमेश्वराहून निघणाऱ्या गोदावरीच्या कालव्यांना बारमाही आधार मिळाला. कालव्याखालच्या काळ्या जमिनीत पाणी मुरते, साचते आणि क्षार वर येतात, हा धडा त्याआधीच नीरा खोऱ्यात मिळाला होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० च्या सुमारास तिथल्या खारवट जमिनींवर लिहिलेही होते. धडा लिहिला गेला. चोपण जमिनी तरीही वाढल्या.

सोयाबीन हे या मातीतले तसे नवे पीक. गंमत अशी, की त्याच्या प्रचाराच्या आरंभीच्या इतिहासातही नाशिक जिल्ह्याचा एक धागा आहे. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग चालवले होते. पुढच्याच वर्षी बडोदा संस्थानाच्या छापखान्यातून एफ. एस. काळे यांचे सोयाबीनचा आहार, लागवड आणि उपयोग यांवरचे इंग्रजी पुस्तक बाहेर पडले. त्या संस्थानाचे अधिपती सयाजीराव गायकवाड हे मूळचे मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचे. प्रत्यक्ष महाराष्ट्रात सोयाबीन मोठ्या क्षेत्रावर पसरले ते पुढे कित्येक दशकांनी, तेलबियांना भाव मिळू लागल्यावर. म्हणजे या पिकाच्या पानांविषयी पिढीजात ज्ञान असे शेतकऱ्याकडे नव्हतेच. बाजरीचा केवडा आजोबांनी दाखवला होता. सोयाबीनचा केवडा दाखवायला आजोबा नव्हते. जुने नाव नव्या पिकाला लावले गेले आणि नावाबरोबर जुना गोंधळही आला.

सोयाबीनमध्ये तो गोंधळ दुहेरी असतो. लोह कमी पडले, की शेंड्याची पाने शिरांमध्ये पिवळी होतात. त्याच वेळी मुळांच्या गाठींनाही लोह मिळत नाही. गुलाबी रंग फिका पडतो आणि नत्राचा पुरवठा आटतो. मग खालची पानेही पिवळी होऊ लागतात. वर लोहाची खूण, खाली नत्राची आणि मूळ दुखणे एकच. त्यात पिवळा मोझॅक आला तर तिसरी खूण. २०२३ च्या खरिपात विदर्भात या मोझॅकने सोयाबीनचे मोठे नुकसान केले, तेव्हा हे सारे प्रश्न वर्तमानपत्रांत आले होते.

म्हणून प्रयोगशाळेची जोड लागते. १९७८ मध्ये अमेरिकेतील लिंडसे आणि नॉरवेल यांनी चुनखडीच्या जमिनींसाठी मातीतील उपलब्ध लोह, जस्त, मँगेनीज व तांबे मोजण्याची पद्धत दिली. भारतातील प्रयोगशाळांत तीच रूढ आहे. एकूण लोह किलोच्या हिशेबात असलेल्या मातीत पिकाला मिळू शकणारे लोह किलोमागे साडेचार मिलिग्रॅमच्या खाली गेले, की ती जमीन सामान्यतः लोहाला उणी मानतात. २०१५ पासून मिळू लागलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर जे बारा रकाने असतात, त्यांत लोह, जस्त, तांबे, मँगेनीज आणि बोरॉन हे पाच रकाने विसाव्या शतकातील या साऱ्या शोधांचे वारस आहेत. पानावरचे वाचन उशिराचे असते, हीही त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. पानाने रंग बदलण्याआधीच उत्पन्न घटू लागलेले असते.

तरीही पत्रिका येईपर्यंत शेत थांबत नाही आणि तिथे ग्री यांचा १८४३ चा प्रयोग आजही कामास येतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस ताजे विरघळवावे. शेंड्याजवळचे एक पिवळे पान निवडून मधल्या शिरेच्या एका बाजूलाच ते मऊ कुंचल्याने लावावे, दुसरी बाजू कोरडी ठेवावी आणि देठाला दोरा बांधून खूण करावी. लोहाचीच भूक असेल, तर काही दिवसांत कुंचला फिरलेल्या बाजूला हिरवे ठिपके उमटू लागतात. दोन्ही बाजू पिवळ्याच राहिल्या, तर पान उलटून पांढरी माशी पाहावी, रोप उपटून गाठ फोडावी आणि शेजारचे झाड कसे आहे ते बघावे.